उजवीकडची खुर्ची

३ जानेवारी

‘तायडे, तू नुसतं कुजबुज. बाकीचं मी बघून घेतो.’

धाकटा हे म्हणाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि मी सत्तावीसची. इतक्या वर्षांत हे वाक्य एकदाही आठवलं नव्हतं. आज चष्म्याच्या दुकानात कामावर असताना फोन आला, पलीकडचा आवाज अगदी बारीक येत होता – ‘मेजरसाहेबांना मरणोत्तर शौर्यपदक जाहीर झालंय, आपण त्यांच्या भगिनी ना?’ – आणि मी फोन कानाशी घट्ट दाबला, तर पहिल्यांदा हेच आठवलं. पदक नाही. तो गेला हेही नाही. कुजबुज!

समारंभ वीस फेब्रुवारीला. पदक आई घेणार.

आईला घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, ‘माझा कंगवा कुठाय?’ तो गेल्यापासूनच्या दहा महिन्यांत पहिल्यांदा तिनं स्वतःहून कंगवा मागितला. केस स्वतःच विंचरले, मला हात लावू देईना.

४ जानेवारी

जिन्यात माणसांची रांग. आईनं एकच गोष्ट सात वेळा सांगितली – तो चार वर्षांचा असताना पाण्याच्या टाकीवर चढून बसला होता आणि काही केल्या खाली येईना. ‘तेव्हापासूनच तसा! एकदा ठाण मांडलं की मांडलं.’ लोक माना डोलावतात. मीही डोलावली.

तो रडत होता त्या टाकीवर. उतरता येत नव्हतं म्हणून. मी शिडी लावली होती.

८ जानेवारी

आज एक तरुण कॅप्टन येऊन गेला. समारंभात वाचून दाखवायचा मजकूर घेऊन आला होता. घरच्यांनी एकदा नजरेखालून घालावा, अशी पद्धत आहे म्हणे. खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता, जणू खुर्चीही धाकट्याचीच.

मजकूर असा – माघारीचा आदेश मिळाल्यावर मेजरसाहेबांनी आपली तुकडी खाली पाठवली, स्वतः मागे थांबले आणि एकट्याने चाळीस मिनिटे शत्रूला रोखून धरले. अकरा जवान सुखरूप उतरले.

आई म्हणाली, ‘एकट्याने हा शब्द जोरात वाचायला सांगा.’ मग लगेच – ‘आणि त्या पळपुट्याचं काय झालं?’

पळपुटा म्हणजे धाकट्याचा वायरलेस ऑपरेटर. धाकटा पत्रातून त्याला पोपट म्हणायचा. वरून आलेला निरोप ऐकायचा आणि तो खणखणीत आवाजात साहेबाला पुन्हा म्हणून दाखवायचा, हे त्याचं काम. सगळी तुकडी उतरली तरी ऑपरेटरनं साहेबाला सोडायचं नसतं. हा उतरला.

कॅप्टन म्हणाला, ‘त्याला नोकरीतून काढून घरी पाठवलं, आजी. तुमच्या अर्जानंतर चौकशी झाली ना. तो शेवटपर्यंत एकच सांगत राहिला – मी आदेश सांगितला, साहेबांनी मान हलवली, हसले, मी बाकीच्यांना उतरायला सांगितलं, वाटलं साहेब मागोमाग येतायत.’

‘हसले?’ मी विचारलं.

‘हसले म्हणे. आणि एक भुवई वर केली.’ त्यानं स्वतःची उजवी भुवई उचलून दाखवली. ‘आता गोळ्या सुटत असताना कोण हसेल, ताई? तिथंच त्याचा खोटेपणा पकडला गेला.’

मी चहा आणते म्हणून आत गेले. चहा आधीच दिलेला होता.

९ जानेवारी

लिहून टाकते. इथं तरी.

धाकट्याला डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं. सात वर्षांचा असताना कान फुटला, महिनाभर वाहिला, मग आपोआप थांबला. आईच्या लेखी बरा झाला. कान सुकला, पण मेला. हे फक्त मला माहीत. तो कायम मला उजवीकडे घेऊन चालायचा. जेवताना भिंतीला डावी बाजू लावून बसायचा. आणि डावीकडून कुणी काही बोललं, ते त्याला कळलं नाही, की तो काय करायचा – मान हलवायचा. हसायचा. आणि उजवी भुवई वर करायचा. समोरच्याला वाटायचं, पटलं याला. शाळेत गुरुजी फसले, आई फसली, नात्यातली सगळी फसली. मी एकटी फसत नव्हते. मी उठून उजवीकडे जायचे आणि पुन्हा सांगायचे.

सैन्यात जायचं म्हणाला तेव्हा मी हसले होते. ‘बहिऱ्याला कोण घेतंय?’ त्यानं सगळी माहिती काढली होती. डॉक्टर वीस फुटांवर पाठीमागे उभा राहतो आणि कुजबुजतो. आकडे, शब्द. आपण एक कान बोटानं दाबून बंद करायचा आणि ऐकलेलं परत म्हणायचं. मग दुसरा कान. खरी गोम तिथंच होती. उजवा कान दाबायचा, पण पुरता नाही. भोकापुढचा तो मऊ उंचवटा दाबल्यासारखा दिसला पाहिजे आणि केसाएवढी फट राहिली पाहिजे.

तीन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही इमारतीच्या लांब व्हरांड्यात. तो पाठमोरा. मी पावलाला पाऊल लावून मोजलेल्या वीस पावलांवर. ‘सत्तावीस.’ ‘सत्तावीस!’ ‘चौसष्ट.’ ‘चौसष्ट!’ ‘गाढव.’ ‘तायडे, डॉक्टर असं म्हणणार नाही.’ मी त्याचं बोट तपासायचे. ‘नखाचा रंग बदलला पाहिजे, नाहीतर दाबलंयस असं वाटणार नाही.’ हे मी शिकवलं! नखाचं मी शिकवलं.

पास झाला. पुढं दर तपासणीला तोच खेळ, तेच बोट.

म्हणजे पोपट खरं बोलत होता. त्यानं सांगितलं. धाकट्यानं मान हलवली, हसला, भुवई वर केली.

त्यानं काही ऐकलंच नव्हतं.

१० जानेवारी

तो थांबला नव्हता. त्याला ठाऊकच नव्हतं सगळे गेले ते.

११ जानेवारी

चाळीस मिनिटांत कधीतरी त्यानं मागं वळून पाहिलं असेल. कितव्या मिनिटाला?

१४ जानेवारी

दुकानात मन लावून काम करायचं ठरवलं. दोन भिंगं घासताना टवके उडाले. मालक म्हणाले, ‘बाई, तुमच्याच चष्म्याचा नंबर बघा एकदा.’

दुपारी एक ड्रायव्हर आला, परवान्यासाठी डोळे तपासून हवे होते. खुर्चीत बसला आणि तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड म्हणाला. पाठ करून आला होता. असे महिन्याला दोन-तीन येतात. मी नेहमी काय करते – हसते, तक्ता उलटा लावते – मागची अक्षरं वेगळी आहेत – आणि म्हणते, आता वाचा. आजवर एकाला सोडलं नाही. मालक कौतुकानं सांगतात गिऱ्हाइकांना, ‘आमच्या बाईंना देवही फसवू शकत नाही.’

आज तक्त्याला हात लावला आणि तशीच उभी राहिले. तो माणूस म्हणाला, ‘काय झालं, मॅडम?’ मग उलटा लावला. त्याला पहिली ओळसुद्धा दिसेना. जाताना म्हणाला, ‘तुमचं काय जात होतं?’

१७ जानेवारी

तो अर्ज. ‘लिही,’ आई म्हणाली होती, गेल्या उन्हाळ्यात. तिला हात कापत असल्यानं लिहिता येत नाही. ती सांगत गेली, मी लिहीत गेले. ‘माझ्या मुलाला मृत्यूच्या तोंडी सोडून हा इसम पळाला.’ मीच वर ‘जाणूनबुजून’ घातलं. वाक्य जरा जोरकस व्हावं म्हणून. तेव्हा मान हलवल्याचं आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण मी विचारलं होतं कुठे? कुणाला तरी पळपुटा म्हणायला मिळालं, तेच किती बरं वाटलं होतं तेव्हा.

आज आईच्या कपाटाचा खण उघडला. पोपटाची आठ पत्रं. एकही फोडलेलं नाही. आई फाडत नाही आणि वाचतही नाही. मी एक फोडलं.

‘आईसाहेब, मी बरा आहे. गोदामात मालाची चढ-उतार करतो. साहेब तुमच्याबद्दल फार बोलायचे. तुमच्या हातचं जेवण कधी मिळतंय म्हणायचे. थंडीत गुडघ्याला जपा. साहेबांना त्याची काळजी असायची.’

बस. त्या दिवसाबद्दल एक अक्षर नाही. अर्ज मागं घ्या अशी मागणी नाही. मला वाटलं होतं विनवण्या असतील.

मग धाकट्याची जुनी पत्रं काढली. एका पत्रात आहे – ‘पोपट नसता तर माझं काही खरं नव्हतं, तायडे.’ तेव्हा मी हे थट्टेवारी नेलं होतं.

२१ जानेवारी

आईला सांगायचा प्रयत्न केला. फोटो पुसत होती. रोज पुसते, काच झिजेल.

‘आई, त्याचा कान आठवतो? लहानपणी फुटलेला?’

‘बरा झाला की तो.’

‘झाला नव्हता.’

‘मग सैन्यात कसा घेतला? तिथं काय आंधळेबहिरे घेतात?’

ती फडकं झटकून म्हणाली, ‘मी हाका मारून मारून थकायचे आणि हा ढिम्म. कान चांगला होता, हट्टी होता. आणि म्हणूनच थांबला तिथं. दुसरा असता तर आला असता पळून – त्या तुमच्या पोपटासारखा.’

‘तुमच्या’ म्हणाली! पत्र फोडलेलं बघितलं असावं.

मग एकदम हळू आवाजात – ‘तो आपणहून थांबला ना गं?’

एवढ्या एका गोष्टीवर ती रोज उठते, केस विंचरते.

‘हो,’ म्हटलं.

२३ जानेवारी

दोघंही खरे असू शकत नाहीत. आईचा मुलगा हवा तर पोपट पळपुटा. पोपट खरा तर धाकटा बहिरा, खोटं बोलून भरती झालेला आणि एकटा – आपल्याला सगळे टाकून गेले असं समजत मेलेला. आणि त्याच्या मागं वीस पावलांवर मी, कुजबुजत.

२७ जानेवारी

गेले. पोपटाच्या पाकिटावरच्या पत्त्यावर, दोन बस बदलून. दुकानात दातदुखी सांगितली.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड, आत पोत्यांच्या थप्प्या, दारात वजनकाटा. मुकादमाला विचारलं तर तो आत ओरडला, ‘अरे फौजी! तुला बाई शोधत आल्यात. पळू नको बाबा आता!’ दोघं-तिघं हसले. रोज हसत असणार, हसण्यात काही जोर नव्हता.

पोपट आला. मी उंच, तगडा कुणी समजत होते. बुटका आहे, कपाळावर टक्कल, अंगभर भुसा. मला बघून टाचा जुळवल्या आणि मग हातांचं काय करावं त्याला कळेना.

‘ताई ना? साहेबांच्या हसण्यासारखं आहे तुमचं.’

मी हसले नव्हते.

रस्त्यापलीकडच्या टपरीवर चहाला गेलो. चालताना तो मध्येच थांबायचा, मला पुढं जाऊ द्यायचा आणि मागून वळसा घालून माझ्या उजवीकडे यायचा. मी बाजू बदलली की पुन्हा तेच. मला वाटलं, रहदारीमुळे असेल.

मी सगळं सांगितलं. कान, व्हरांडा, नखाचा रंग. अर्ज माझ्या हातचा आहे हेही. ‘तुम्ही खरं बोलत होतात. तो तसंच हसायचा, न ऐकल्यावर. मी हे लिहून देते वरच्या ऑफिसात. तुमचं नाव स्वच्छ होईल.’

तो ग्लासातल्या चहाकडे बघत राहिला. साय धरली तरी प्यायला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीवर आश्चर्य नाही, राग नाही, काही नाही. मला आतून चीड आली.

‘घरी कोण असतं?’ मी विचारलं.

‘वडील आहेत. बोलत नाहीत माझ्याशी. बायको माहेरी आहे, येईल म्हणते पदकाचं सगळं थंडावलं की.’ मग म्हणाला, ‘आईसाहेबांचा गुडघा कसा आहे?’

‘मी काय सांगतेय तुम्हाला!’

‘ऐकलं, ताई. सगळं ऐकलं.’ उठला. ‘मुकादम ओरडेल. तुम्हाला पत्र लिहीन. काही लिहून देऊ नका तोवर. एवढं करा.’

बसपर्यंत सोडायला आला. उजवीकडून.

२ फेब्रुवारी

तरीही लिहिलं. वरच्या ऑफिसच्या नावानं, तीन पानं. ‘माझ्या भावाने दिलेली श्रवणचाचणी खोटी होती, ती मी त्याला शिकवली.’ पाकीट पर्समध्ये आहे. रोज टपालपेटीवरून जाते आणि रोज परत आणते. आज पाकिटाचे कोपरे मऊ पडलेले दिसले.

पदक परत घेतील का? आईच्या हातातून? कॅप्टन पुन्हा खुर्चीच्या कडेला बसून सांगेल?

५ फेब्रुवारी

आईनं समारंभाचे कपडे काढून ठेवलेत. मला म्हणाली, ‘तूही जरा बरं काहीतरी घाल. त्याची बहीण दिसायला नको का?’ आरशासमोर उभी राहिले. उजवी भुवई उचलून पाहिली. मला जमत नाही.

६ फेब्रुवारी

कॅप्टनचा फोन. घरच्यांसाठी पहिल्या रांगेत तीन खुर्च्या. ‘तिसऱ्या खुर्चीवर कुणाचं नाव घालू?’ त्यानं विचारलं. कुणी नाही, म्हटलं. मग ती रिकामी राहू दे, म्हणाला, हरकत नाही, बऱ्याच घरांची राहते.

८ फेब्रुवारी

आज पेटीत टाकणारच होते. अर्धं पाकीट आत गेलं होतं. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘टाका की, बाई! आम्हालाही टाकायचंय.’ मी बाजूला झाले. त्यांनी टाकलं. मी परत आले.

१० फेब्रुवारी

पोपटाचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते, कारण मूळ पत्र मी जाळणार आहे. त्यानं तसं मागितलंय.

‘ताई, साहेबांचा कान आम्हा अकराही जणांना माहीत होता. पहिल्याच महिन्यात कळला. कुणी कुणाशी बोललं नाही. साहेबांशी उजवीकडूनच बोलायचं, एवढं ठरून गेलं. वरून तपासणीला कुणी आलं की मी उजवीकडे उभा राहून सगळं मोठ्यानं परत म्हणायचो. त्या दिवशी उजवी बाजू उघडी होती, गोळ्या तिकडूनच येत होत्या. मला तिकडं जायची भीती वाटली. मी डावीकडून सांगितलं. साहेबांनी मान हलवली, हसले. ते हसू मला ओळखता येत होतं, ताई. चांगलं ओळखता येत होतं. तरी मी तेच उत्तर धरलं आणि उतरलो. तेव्हा अर्जात काही खोटं नाही. माझं नाव स्वच्छ करू नका. हे पत्र वाचून जाळा. साहेबांचा कान कुणाला सांगू नका. अकरा जणांनी सांभाळलाय.’

माझी तीन पानं आणि हे पत्र, दोन्ही समोर आहेत.

आईला विचारलेलं नाही. तिला कळलं तर ती समारंभालाच येणार नाही म्हणेल, किंवा सगळ्यांदेखत उठून जाईल. आणि पोपट तर नाहीच म्हणेल, पत्राचं उत्तरसुद्धा देणार नाही बहुधा. तरी आत्ता त्याला एवढंच लिहिलंय – वीस तारखेला सकाळी दहा वाजता समारंभाला या. आमच्याकडे एक खुर्ची रिकामी आहे. आई माझ्या डावीकडे असेल. तुम्ही उजवीकडे येऊन बसा.